आईचे नऊ कौल

पडद्यावर नऊ रेघा होत्या, वर्षाला एक. भरती ओसरल्यावरच्या खाडीसारख्या संथ.

"अकरा, दहा, अकरा, नऊ..." डॉ. विभावरी केळुसकर वाचत होत्या. "फक्त गेल्या जूनचा आकडा अठ्ठावीस. तोही तीसच्या आतच. तुमच्या आईंना भीती नव्हती, केतकी."

"माझी आई पाल दिसली तरी कॉटवर चढून बसायची," केतकी म्हणाली.

निर्भय संमती कायदा येऊन नऊ वर्षं होत आली होती. त्याआधी धोक्याच्या कामावर जाणाऱ्या माणसाची नुसती सही घेत. ती मनापासून केली की पोटासाठी, हे कुणालाच सिद्ध करता यायचं नाही. मग मेंदूतल्या भीतीच्या केंद्राची हालचाल बाहेरून टिपणारं यंत्र आलं. माणसाला खुर्चीत बसवून डोक्यावर हलकी जाळी चढवत आणि कामातले धोके एकेक करून वाचून दाखवत. तेवढ्या बारा मिनिटांत भीती किती उसळली, ते शंभरपैकी आकड्यात दिसे. आकडा तीसच्या वर गेला तर होकार बाद. मग त्या माणसाला कामावर घेणाऱ्या मालकाला थेट तुरुंग. आकडा तीसच्या आत राहिला तर होकार खरा, आणि पुढं काही झालंच तर तो धोका कामगारानं समजून-उमजून पत्करला, असं धरायचं.

यंत्राचं सरकारी नाव निर्भयमापक. खाडीकाठच्या बायका त्याला कौल म्हणत. ग्रामदेवतेच्या अंगावर लावलेली उजवी पाकळी आधी पडली की देवीचा होकार, डावी पडली की नकार. तसंच हे. "माझा उजवा झाला," असं आई दर जूनमध्ये सांगायची.

केतकी भाषांतरं करून पोट भरायची. या कायद्याची कामगारांसाठीची मराठी पुस्तिका तिनंच लिहिली होती. मागच्या पानावरचं वाक्यही तिचंच होतं: भीतीपोटी दिलेला होकार हा होकार नव्हेच. आईनं ती पुस्तिका देव्हाऱ्याशेजारी ठेवली होती. आई, रंजना भोईर, जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतली काळी पूड भट्टीत घालायच्या कामावर होती. फेब्रुवारीत तिचा श्वास थांबला. शेवटी शेवटी ती खोकली की उशीवर काळे ठिपके उमटायचे.

"यंत्राला फसवता येतं?" केतकीनं विचारलं.

"गोळी घेतली तर रक्तात सापडते. उसना धीर आणला तर रेघ दातेरी होते. या रेघा खऱ्या आहेत." डॉक्टरांनी दोन कागद पुढं केले. "हा आक्षेपाचा. त्यात कारण लिहावं लागेल. आक्षेप टिकला तर मृत्यूची जबाबदारी कारखान्यावर येईल. हा दुसरा, वारस म्हणून ही नोंद मान्य असल्याचा. सोमवारपर्यंत ठरवा."

मनीषामावशी आईच्या शेजारच्या भट्टीवर होती. केतकी पोचली तेव्हा ती ओट्यावर सुकट निवडत बसली होती.

"कंपनीनं रेघा बदलल्यात, मावशी. मला तुझी साक्ष हवी."

"नाय गो. रेघा तिच्याच."

"मग भीती गेली कुठं?"

मावशीनं सुकटीतला एक शिंपला उचलून दूर फेकला. "पहिल्या वर्षी आम्ही बावीस जणी होतो. आठ जणींचा डावा झाला. कायद्यानं त्यांना वाचवलं आणि घरी पाठवलं. त्यातली लता आज उन्हात चिंबोऱ्या विकते. बाकीच्यांचं विचारू नको. आम्ही टिकलो ते उपायांनी. कौलाच्या खोलीबाहेर बाक आहे ना, तिथं बसायचं आणि जीव ज्यानं निवतो ते धरायचं. मी नातवाचं टोपडं हुंगते. विजू माहेरचा रस्ता आठवते, फाट्यापासून उंबऱ्यापर्यंत एकेक झाड. तिचं माहेर कधीच महामार्गात गेलं, पण जांभळीखाली पोचली की तिची भीती संपते. भीती दाबायची नाय. दाबली की यंत्राला कळतं. ती निघूनच गेली पायजे."

"आणि आई?"

मावशीचे हात थांबले. "तुझी आई तुला फोन करायची."

दर जूनमध्ये, सकाळी अकराच्या सुमारास. "काय वाचतेयस? मला पण ऐकव ना गो." केतकीला वाटायचं, चहाची सुट्टी असेल. हाताला येईल ते ती वाचायची. कधी प्रवासवर्णन, कधी पक्ष्यांचा कोश, एकदा घाईत असताना मसाल्याच्या पाकिटावरचा मजकूर. आई तोही मन लावून ऐकून हसली होती. पहिल्या वर्षी तर तिनं नुकती छापून आलेली पुस्तिकाच वाचून दाखवली होती. शेवटच्या वाक्यापाशी आई म्हणाली होती, "किती छान लिहिलंस गो. आता कशाला घाबरायचं?"

"मला सांगितलं का नाही तिनं?"

"सांगितलं असतं तर तुझा आवाज तसा राहिला असता?"

कायद्यावर चिडता येत होतं, कंपनीवर चिडता येत होतं. आईवर चिडायचं कसं, तेच केतकीला माहीत नव्हतं.

"एक ऐक," मावशी म्हणाली. "हे कुठं लिहू नको. लिहिलंस तर उद्या बाकावर बसल्यावरही जाळी लावतील. तेरा जणी उरलो आहोत आम्ही. बुधवारी माझा कौल आहे."

सोमवारी डॉ. केळुसकरांनी विचारलं, "कळलं काही?"

"यंत्राला भीती किती आहे ते कळतं. ती कुणी घालवली, ते कळतं?"

डॉक्टरांनी दोन्ही कागद टेबलावर मांडले. "तो प्रश्न कायद्यात नव्हता. तुम्हाला विचारायचा असेल तर आक्षेपाचा कागद इथंच आहे."

केतकीला टोपडं दिसलं, जांभळीचं झाड दिसलं. "नको. मान्यतेवर सही करते."

वारसावर कुणी दबाव आणू नये, म्हणून वारसाचा होकारही मोजत. जाळी चढली. डॉक्टरांनी मजकूर वाचला: माझ्या आईनं हा धोका निर्भयपणे पत्करला, हे मला मान्य आहे.

"एकसष्ट," डॉक्टर म्हणाल्या. "अशी सही मला घेता येणार नाही." मग हलक्या आवाजात, "बाहेर बाक आहे. दहा मिनिटं बसा."

केतकी बाकावर बसली. गेल्या जूनमध्ये ती एका बैठकीत होती. फोन उचलला नव्हता. आईचा आवाजी निरोप तिनं तेव्हा अर्धाच ऐकला होता आणि संध्याकाळी उलट फोन करायचा राहून गेला होता. आता तिनं तो लावला.

"केतू, कामात असशील. राहू दे. आज मीच वाचते तुला. इथं भिंतीवर लिहिलंय, भीतीपोटी... दिलेला होकार... हा होकार नव्हेच. तुझंच ना गो हे?" पाठोपाठ आईचं हसू, थोडा खोकला, आणि कुणीतरी तिच्या नावाचा पुकारा केला.

केतकीनं तो निरोप तीनदा ऐकला. तिसऱ्या वेळी तिचे खांदे सैल झाले. ती उठून आत गेली, खुर्चीत बसली. जाळी चढली. डॉक्टरांनी तोच मजकूर पुन्हा वाचला.

"अठ्ठावीस," त्या म्हणाल्या. त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "कायद्याला चालतं."

केतकीनं सही केली.