मागच्या पत्र्यावर

अस्मिता शारजातून निघाली तेव्हा मुलाला एवढंच म्हणाली, "एक क्रेन बघून येते." देवांशने टॅबमधून मानही वर केली नाही. "ओके मम्मा, बाय."

क्रेन विकणाऱ्या कंपनीत ती सर्व्हिस इंजिनियर होती. गिअर अडकले, तेल गळलं, की तिला बोलावणं यायचं. आजचं बोलावणं मात्र एका माणसाच्या मरणावरून आलं होतं. चार मोठ्या चाकांची ती क्रेन मागच्या आठवड्यात अचानक मागे आली आणि इशारे देणाऱ्या रामेश्वरला तिने चिरडलं. क्रेन चालवणारा दापोलीचा हनीफ. दुबईतल्या सोनापूरच्या कामगार कॅम्पात दोघे एकाच खोलीत राहायचे.

"मॅडम, लिव्हर न्यूट्रलला होता. अल्लाची कसम," हनीफ म्हणाला. "रामेश्वरने पत्र्यावर दोन थापा दिल्या आणि मी रिव्हर्स टाकायच्या आधीच गाडी मागे धावली."

"थापा कसल्या?"

"आवाजात शिट्टी ऐकू येत नाही ना. मग मागच्या पत्र्यावर हात आपटायचा. दोन थापा म्हणजे मागे ये, एक म्हणजे थांब. गाडी आधीपण झटके मारायची. सुरेश सरांना बोललो होतो."

साइटवरच्या सगळ्या मशिनी सुरेशच्या ताब्यात. तो हात झटकत म्हणाला, "गिअरबॉक्स एकदम ओके आहे, मॅडम. यानेच रिव्हर्स टाकला. रिपोर्ट द्या, खलास."

रिपोर्टमध्ये दोष निघाला नाही तर हनीफ तुरुंगात जाणार होता. अस्मिताने मनाशी खूणगाठ बांधली, दोष सापडल्याशिवाय इथून हलायचं नाही.

सकाळभर तिने तेल पाहिलं, प्रेशर मोजलं, व्हॉल्व्ह तपासले. सगळं ठीक. पण थंड इंजिनावर सगळ्याच मशिनी सोवळ्या असतात. दुपारी उन्हात काम करायला सरकारी बंदी, त्यामुळे माणसं विश्रांतीच्या खोलीत गेली. अस्मिताने मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, केबिनमध्ये बसून इंजिन सुरू केलं, ब्रेक सोडला, लिव्हर न्यूट्रलला ठेवला आणि तेल तापायची वाट बघत बसली.

भुताखेतांना लोक उगाच रात्र बहाल करतात. इथल्या जुलैची दुपार त्यांनी पाहिलेली नसते. चिटपाखरू नाही, सावली नाही, नुसता पांढरा उजेड. केबिनमध्ये तापलेल्या तेलाचा उग्र वास भरत चालला. इंजिनाची घरघर एका सुरात चालली होती.

धप्. धप्.

क्रेनने मागे जोराचा हिसका दिला आणि ठोकळ्यांवर अडली.

अस्मिताने आरशात पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तिने इंजिन बंद केलं, खाली उतरली. "कोण आहे...?" वाळूत फक्त तिच्याच बुटांचे ठसे होते. तिने पत्र्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. हातमोज्यातूनही चटका बसला होता. या पत्र्यावर उघडा तळवा कोण आपटणार?

पळून जावं असं तिला वाटलं. पण क्रेनने मघाशी दाखवलेला दोष आता दडायला नको, म्हणून तिने पत्र्याचे बोल्ट काढले.

आत दोन वायरी एकमेकींवर घासून उघड्या पडल्या होत्या. पत्रा दबला की त्या चिकटत आणि लिव्हर कुठेही असला तरी रिव्हर्स पडे. बिचाऱ्या रामेश्वरने आपल्याच थापेने क्रेन अंगावर ओढून घेतली होती. अस्मिताचे डोळे भरून आले. तिने रिव्हर्सची वायर तोडली, मुठीत घेतली आणि सुरेशला फोन लावला.

तो आला, पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "मॅडम... हे रिपोर्टमध्ये नको. हनीफने कम्प्लेंट केली होती, माझ्यावर येईल. त्याच्या घरचं मी बघतो ना."

"नाही, सर. जे आहे तेच लिहिणार."

वायर तोडल्यावर झटका बसत नाही, हे बघायचं राहिलं होतं. "बाजूला उभे राहा," असं बजावून ती वर चढली. इंजिन सुरू केलं. आरशात पाहते तो सुरेश चाकामागे वाकून उरलेल्या वायरी उपटत होता.

धप्. धप्.

काढलेला पत्रा वाळूत पडला होता. वायर तिच्या मुठीत होती. तरी क्रेन मागे सरकली आणि लाकूड कडकडलं.

"सर, बाहेर या!" ती ओरडली आणि दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

सुरेश रांगत बाहेर आला. मग त्याने खाली मान घालून विचारलं, "रिपोर्टवर... सही कुठे करायची?"

सही घेऊन अस्मिता विश्रांतीच्या खोलीत गेली. सुटल्याचं कळल्यावर हनीफ ढसाढसा रडला. मग तिने घडलेलं सगळं सांगितलं, तसं त्याने डोळे पुसून विचारलं.

"मॅडम, दोन थापांनंतर... एक आली का?"

"एक?"

"थांबायची. रामेश्वर कधीच विसरायचा नाही. त्या दिवशी तेवढी द्यायला मिळाली नाही त्याला."

अस्मिताने आठवून पाहिलं. आली नव्हती. क्रेनची किल्ली तिच्या पर्समध्ये होती, इंजिन कधीच बंद केलेलं होतं.

बाहेर, भर उन्हात, चाकाखालचा लाकडी ठोकळा पुन्हा करकरला.