बेथ तूराच्या तटावरची शपथ

तैग्रिस नदीच्या काठी, रोमन आणि इराणी या दोन बलाढ्य साम्राज्यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या बेथ तूरा किल्ल्यावर पहाटेचे तांबूस ऊन पसरले, तेव्हा खाली अवघ्या दोनशे पावलांवर वाहणारे नदीचे रुंद पात्र लखलखू लागले आणि तटावरच्या शिबंदीने माना दुसरीकडे वळवल्या. चार महिन्यांच्या वेढ्यात त्या पाण्याचा एक घडाही वर आला नव्हता. तट आणि नदी यांच्यामध्ये इराण्यांचे मोर्चे होते, पाठीमागे सरळ तुटलेला कडा होता. आत अकराशे माणसे कोंडलेली, आणि टाक्यांच्या तळाशी उरलेले हिरवट पाणी माणशी दिवसाला एक ओंजळ मिळत होते.

त्या सकाळी रोमन किल्लेदार सर्जिसने ख्रिस्ती मंडळीचा वृद्ध वाचक बर्शब्बा याला बुरुजावर बोलावून घेतले. रविवारच्या उपासनेत पवित्र शास्त्र वाचणे हे बर्शब्बाचे काम. परंतु त्या सीमेवर वाचकाला आणखी एक मान होता. दोन्ही फौजांत येशूला मानणारे लोक असल्यामुळे, कोणताही कौल, म्हणजे अभयाचे वचन, द्यायचे तर वाचकाने शुभवर्तमानाचा ग्रंथ दोन्ही तळहातांवर धरायचा, शास्त्रातली एखादी कथा उभयपक्षांना ऐकवायची, मग शपथ घेणाऱ्याने ग्रंथावर हात ठेवायचा आणि शेवटी वाचकाने आमेन म्हणायचे, अशी रीत पडली होती. वाचकाच्या आमेनवाचून शपथ पुरी होत नसे. ते झाले, की अग्निपूजक इराणी सरदारसुद्धा त्या शपथेवर विसंबत.

"वाचकबाबा," सर्जिस म्हणाला, "इराणी सेनापती माहदाद बोलणी करायला राजी आहे. आज दुपारी तो तीस सरदारांनिशी आत येईल. आम्ही त्याला अभय देणार. ग्रंथ आपण धरावा."

"आनंदाची वार्ता सांगितलीत, किल्लेदार!"

"आणि तो आत आला की महाद्वार बंद होईल." सर्जिसने आवाज उतरवला. "सेनापतीवाचून ती फौज चार दिवस टिकायची नाही."

बर्शब्बा एक पाऊल मागे सरला. "म्हणजे शुभवर्तमान पुढे करून त्यांचा केसाने गळा कापायचा?"

"आपल्या मार्थेचं तान्हं कालपासून रडतसुद्धा नाही, असं ऐकतो," सर्जिस शांतपणे म्हणाला. "आईलाच पाणी नाही, तर तिला दूध कुठून येणार? विचार आपण करावा. कथा कोणतीही वाचा. लहानशी असली म्हणजे झालं."

किल्लेदार कपटी असला तरी खोटे बोलत नव्हता, आणि तेच वाईट होते. बर्शब्बा घरी आला. त्याची मुलगी मार्था, त्याच वेढ्यात नवरा गमावलेली, मूल मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती.

"बाबा, उद्या नदीवर जाता येईल म्हणतात. खरं का?"

म्हाताऱ्याने नातवाच्या कोरड्या ओठांवरून बोट फिरवले. इकडे आड, तिकडे विहीर असे आपण म्हणतो. त्या बिचाऱ्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याचा थेंब नव्हता.

दुपारी महाद्वारासमोर माहदादचा घोडा उभा राहिला. वरच्या तटावर बर्शब्बा ग्रंथ हातांवर घेऊन उभा होता. त्याने गिबोन नगरच्या लोकांची, गिबोनकरांची, जुनी कथा सांगितली. शिळ्या, बुरसटलेल्या भाकरी आणि ठिगळांचे जोडे दाखवून, आपण फार दूरच्या मुलखातून आलो असे भासवून त्यांनी मुलूख जिंकत आलेल्या इस्राएली सेनापती यहोशवाकडून अभयाची शपथ मिळवली. तीन दिवसांत लबाडी उघडकीस आली. लोक चिडले, पण वडीलधारे म्हणाले, परमेश्वराच्या नावाने शब्द दिला आहे, आता यांना हात लावता येणार नाही. पुढे कित्येक पिढ्यांनी इस्राएलच्या शौल राजाने तो शब्द मोडला आणि देशाला तीन वर्षे दुष्काळ भोगावा लागला.

आपण ही कथा देवळात ऐकतो, भाकरीच्या क्लृप्तीला हसतो आणि घरी जाऊन पोटभर जेवतो. फसवून घेतलेली शपथसुद्धा पाळायची असते हे ऐकायला किती सोपे आहे, घरात पाणी असले म्हणजे!

किल्लेदाराच्या मनाला पाझर फुटेल, अशी बर्शब्बाची आशा होती. सर्जिस ऐकतच नव्हता. उपासनेतही तो कधी ऐकत नसे. त्याने ग्रंथावर हात ठेवून खणखणीत आवाजात अभय दिले. सर्वांचे डोळे वाचकाकडे लागले.

"सरदार माहदाद, आत येऊ नका!" तो ओरडला. "या शपथेला माझं आमेन नाही!"

खाली घोडे मागे वळले. वर सर्जिसची तलवार उतरली आणि बर्शब्बाचा उजवा हात मनगटापासून तुटून ग्रंथाबरोबर तटावर पडला.

त्यानंतर लोक त्याच्या दारावर थुंकून जात. तिसऱ्या दिवशी मार्थेचे मूल गेले. ती रोज बापाची जखम बांधी, पण त्याच्याशी एक शब्दही बोलत नसे.

नवव्या दिवशी टाकी आटली, आणि शिबंदीने सर्जिसला कैद करून शरणागतीचे निशाण चढवले. माहदादने निरोप धाडला: "सर्वांना जीवदान देण्याची शपथ आम्ही घेऊ. ग्रंथ मात्र त्याच वाचकाने धरावा. दुसऱ्या कोणाच्या आमेनवर आमचा भरवसा नाही."

महाद्वार उघडले. बर्शब्बा पुढे आला खरा, पण एका हाताने तो जड ग्रंथ पेलेना. गर्दीतले कोणी पुढे होईना. तेव्हा मार्था आली आणि जिथे बापाचा उजवा हात असायचा, तिथे तिने आपला हात ग्रंथाखाली दिला.

"सेनापती," ती म्हणाली, "माझ्या बापानं तुम्हाला वाचवलं, त्यात माझं लेकरू गेलं. एवढं ध्यानात ठेवून शब्द द्या."

माहदादने शिरस्त्राण काढले. अग्नीला साक्ष ठेवून, ग्रंथावर हात टेकवून त्याने शपथ घेतली. बर्शब्बाने आमेन म्हणायला तोंड उघडले, मग मिटले आणि लेकीकडे पाहिले. शेवटी मार्थाच म्हणाली, "आमेन."

माहदाद शब्दाला जागला. उरलेली सारी माणसे जिवंत बाहेर पडली. बापाला माफ केले की नाही, हे मार्थेने पुढे कधी कोणाला सांगितले नाही. पण त्या दिवशी नदीवर पोचल्यावर, स्वतः प्यायच्या आधी तिने त्याला पाणी पाजले.