याडीची पहिली प्लेट

धुकं इतकं दाट होतं, की बाबांची गाडी कुठे संपते आणि हायवे कुठे सुरू होतो तेच कळेना. बाबा आत बसून फोनवर कापसाबद्दल भांडत होते. मी उतरले आणि वासाच्या मागे मागे चालत तर्री-पोह्याच्या ठेल्यापर्यंत पोचले. पांढरकवड्यात आमचं कापसाचं जिनिंग आहे. या ठेल्यावरचे पोहे बाबा गाडीत बसून खातात, आमचे हमाल उभ्यानं खातात. तर्री दोघांच्याही शर्टावर सारखीच सांडते.

बाकाच्या टोकाला एक प्लेट वाफाळत होती. जवळ कोणीच नव्हतं. मी बसले आणि खाल्ली.

अर्धी संपल्यावर जाणवलं, आजूबाजूचे सगळे चमचे थांबलेत.

"मॅडम," ठेल्यामागचा पोरगा हळूच म्हणाला. त्याचं नाव बादल हे नंतर कळलं; त्याच्या पापण्यांवर दव आहे, हे मात्र लगेच. "ते याडीचं होतं जी... आईचं."

"अगं बाई. त्यांना दुसरी देऊ या ना. कुठं आहेत त्या?"

"वारली."

तोंडातला घास मी गिळून टाकला. थुंकणं बरं दिसलं नसतं.

भट्टीजवळ शेकत बसलेले त्याचे वडील, पूनमसिंग, शांतपणे सांगू लागले. हा ठेला त्यांच्या बायकोनं, लालीबाईनं सुरू केला. म्हणून रोज पहिली प्लेट तिचा भोग. थंड झाली की ती घरच्यांनीच खायची.

"बाहेरच्यानं खाल्लं तर?" मी विचारलं.

"आजवर कोणी खाल्लं नाही. तुयावरूनच समजन." मग त्यांनी बराच विचार केला. "म्हंजे तू आता घरचीच. पोरगी का सून, ते लालीबाई सांगन."

"बा, पोरगी म्हणाली तं?" बादलनं विचारलं.

"मंग राखी बांधून घे."

बादलचा चेहरा शिळ्या शेवेसारखा नरम पडला. मला ते आवडलं.

निघताना बाकाकडे लक्ष गेलं. त्याचे पाय मधोमध ठोकलेले. टोकाला एकटं बसलं की माणूस सरळ डांबरावर. आणि मी तर टोकालाच बसले होते... मी सावकाश उठले. तसं दुसरं टोक करकरत खाली गेलं.

एका हमालानं घाईनं पाठ फिरवली आणि धुक्याशी बोलू लागला.

मी दुसऱ्या दिवशी गेले. मग रोजच.

"कायले येऊन राह्यल्या रोज?" बादल तर्री वाढताना विचारायचा. माझ्याकडे न बघता.

"पोह्यांसाठी."

"पोहे तं तुमच्या जिनिंगच्या गेटापाशी बी भेटते."

"तिथं बाकावर सोबत नसते."

तो हसायचा आणि शेव जास्त टाकायचा. एकदा म्हणाला, "तुमच्या बाबाले कळलं तं मले तर्रीत टाकतीन."

"तर्री वाया घालवत नाहीत ते."

"निकिता..." पहिल्यांदाच नाव घेतलं त्यानं. झाऱ्यातून थेंब गळत राहिला. "याडी काही बोलून नाही राह्यली. तिनं पोरगी म्हटलं तं..."

"तर काय?"

"तं मी ठेला विकतो. तुमाले बहीण म्हणून पोहे वाढणं मले जमणार नाही."

नेमकं तेव्हाच पूनमसिंग खिसा चाचपत आले. त्यांच्या हातात राखी होती. पौषात ती कुठून आणली, देव जाणे.

"लय वाट पाह्यली," ते म्हणाले. "बोलत नाही म्हंजे पोरगीच. बांध."

राखी माझ्या तळहातावर आली. ओली, गार. बादलनं मनगट पुढे केलं नाही. पण मागेही घेतलं नाही. बापासमोर घेणार कसं? तो फक्त बघत राहिला माझ्याकडे. जिवंत माणसं इतकी गप्प असतात, हे मला माहीत नव्हतं.

मी राखी पूनमसिंगांना परत दिली. बाकाच्या रिकाम्या टोकाकडे वळले आणि त्यांच्या बंजारा तांड्यावरच्या सुना सासूसमोर घेतात तशी ओढणी डोक्यावरून घेतली. घुंगट कधी घेतला नव्हता. जेमतेम भांगापर्यंत आला.

बादल भट्टीपाशी उभा, दोन्ही हातांनी झारा धरून. पूनमसिंग राखीच्या दोऱ्याचा गुंता सोडवत बसलेले.

आणि ओढणीची कड हलकेच, कुणीतरी चिमटीत धरल्यासारखी, माझ्या कपाळावर आणखी बोटभर पुढे आली.