खोली रिकामी दिसत नाहीये

हे खरं घडलेलं आहे.

विश्वास ठेवाच असा माझा आग्रह नाही. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. "आता दिसतंय? आणि आता?" हेच दिवसभर विचारत असते. न दिसलेलं दिसलं म्हणायची मला सवय नाही. म्हणून इथेही जे दिसलं आणि ऐकू आलं, तेवढंच सांगते.

शनिवारची संध्याकाळ होती. परक्या शहरातलं हॉटेल. दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली.

खोलीत आम्ही दोघी होतो. आई आणि मी.

खोली मात्र तिघींसाठी घेतलेली होती.

ती घेतली होती माझ्या धाकट्या बहिणीने. घरात तिला आम्ही 'हिरवळ' म्हणायचो. पर्यावरणाचं वेडच होतं तिला. आमच्या मागून दिवे बंद करत फिरायची. नळ तर इतका घट्ट पिळायची, की पुढच्या माणसाला तो उघडायला दोन्ही हात लावावे लागत. आई म्हणायची, "हिच्या सासरचे तहानेने मरतील."

दोन दिवस कुठेतरी जाऊन येऊ, असं आईने म्हटलं आणि हिरवळने सूत्रं हातात घेतली. विमान नको, ट्रेनने जायचं. शहर पायी फिरता येईल असं हवं. आणि हॉटेल...

हॉटेलसाठी तिने नुसता उच्छाद मांडला होता.

एकेका हॉटेलला फोन लावायची. स्पीकर चालू. आम्ही दोघी तोंडाला पदर लावून ऐकायचो. चादरी धुतलेलं पाणी कुठे जातं, हा तिचा पहिला प्रश्न. एक मॅनेजर म्हणाला, "नळीतून जातं, मॅडम." ती म्हणाली, "नळीतून पुढे कुठे?" त्याने जरा थांबा म्हणून फोन ठेवला तो ठेवलाच. आई हसून हसून रडली होती त्या दिवशी.

एकाच्या जाहिरातीत जिकडेतिकडे हिरवी पानं होती. "रंग तेवढा हिरवा आहे गं ताई, बाकी सगळं तेच," म्हणून तिने ते उडवून लावलं.

शेवटी हे सापडलं. जुन्या टपाल कार्यालयाची इमारत न पाडता केलेलं हॉटेल. गरम पाणी उन्हावर. बाटलीबंद पाणी नाही. आणि तिला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, खोलीतली माणसं मोजणारं यंत्र. छतातून ते माणसाची ऊब ओळखायचं. जितकी माणसं, तितकीच हवा आणि तितकाच उजेड. खोली रिकामी झाली की सगळं आपोआप बंद.

"म्हणजे बघ ताई, मला मागून फिरायला नको. मलाही सुट्टी."

हे बोलली त्याच आठवड्यात ती गेली.

कामावर जाताना सायकलवरून पडली. डोक्याला मार लागला होता, पण बोलत होती. रात्रभर आम्ही तिच्या उशाशी होतो. सकाळी डॉक्टरांनी औषध आणायला सांगितलं म्हणून मी खाली गेले. आई तोंड धुवायला बाहेर गेली. तेवढ्यात...

आई परत आली तेव्हा सगळं संपलं होतं.

त्यानंतर आई बोलायचीच बंद झाली. जेवायला वाढलं की ताटाकडे बघत बसायची. मध्येच एकच वाक्य बोलायची.

"खोलीत कुणी नव्हतं गं."

तेवढंच. दिवसातून कितीदा तरी. ऐकून ऐकून माझं काळीज फाटायचं. मी पण नव्हते ना तिथे.

हॉटेल काही महिन्यांनंतरचं घेतलेलं होतं; ते रद्द करायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांचा आठवण करून देणारा फोन आला, मी नाही म्हणणार तेवढ्यात आई म्हणाली, "जाऊ. एवढं निवडून काढलंय तिने."

म्हणून आम्ही त्या खोलीत होतो.

खोलीच्या बाहेर, दाराशेजारी काडेपेटीएवढी काच होती. आत जितकी माणसं, तितके हिरवे ठिपके त्यावर लागायचे. म्हणजे झाडलोट करणाऱ्यांना दार वाजवावं लागत नाही, असं काउंटरवरच्या मुलीने सांगितलं.

सामान ठेवलं. आई खिडकीजवळच्या पलंगावर बसली. मी पिण्याचं पाणी भरून आणायला तांब्या घेऊन बाहेर पडले. दार लावलं.

सहज काचेकडे नजर गेली...

दोन ठिपके.

मला वाटलं, यंत्राला जरा वेळ लागत असेल. पाणी भरून आले. अजून दोनच.

आत आई एकटी होती.

दार उघडलं. आई पलंगावर तशीच बसलेली, पण तोंड शेजारच्या रिकाम्या जागेकडे. आणि चेहऱ्यावर हसू. इतक्या महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मला बघितलं आणि ते हसू मावळलं.

मी दारातूनच वाकून काच पाहिली. आता आत आई आणि मी.

दोनच ठिपके.

तांब्या खाली ठेवला. मी बाहेर गेले, दार लावलं. दोन. आत आले. दोन. मी असले काय, नसले काय, आकडा तोच. म्हणजे मी आत पाऊल टाकलं की कुणीतरी...

कुणीतरी खोलीतून कमी होत होतं.

खाली जाऊन काउंटरवरच्या मुलीला सांगितलं. ती बिचारी लगेच वर आली. चहाची किटली गरम असली तर यंत्र फसतं कधीकधी, म्हणाली. आम्ही किटली लावलीच नव्हती.

हातपाय धुवायला न्हाणीघरात गेले. नळाला हात लावला...

नळ उघडेना.

दोन्ही हात लावले. अंगातली सगळी ताकद लावली तेव्हा कुठे फिरला.

आईचे हात संधिवाताने आखडलेले आहेत. तिच्याने डब्याचं झाकणही लागत नाही.

मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगू, भीतीपेक्षा आशा जास्त होती. बाहेर आले आणि आईसमोर बसले.

आई म्हणाली, "तू आलीस की ती उठून जाते."

"माझ्यावर रागावलीय का?" मी विचारलं.

"नाही गं. रडतेय ती. तुझ्यासमोर कधी रडली होती का लहानपणापासून? तशीच आहे अजून."

खरं होतं ते. गुडघा फुटला तरी माझ्यासमोर ओठ दाबून उभी राहायची. मी निघून गेले की आईच्या कुशीत शिरून भोकाड पसरायची. मी तिला 'रडूबाई' म्हणून चिडवेन ही धास्ती.

रविवारी आई खोलीबाहेर पडायला तयार नव्हती. मीच फिरले. हिरवळने ठरवून ठेवलेला नदीकाठचा रस्ता, जुन्या पुस्तकांची गल्ली. काही दिसलं नाही मला त्यातलं. सगळं लक्ष खोलीकडे.

दुपारी आईला कशीबशी मागच्या बागेत नेऊन बसवलं आणि मी एकटी वर आले. पलंगावर बसले. हाक मारली. मोठ्याने नाही, आमच्या दोघींच्या खोलीत मारायचे तशी.

काही नाही.

उठून दार उघडलं. काच पाहिली.

एकच ठिपका. माझा.

परत येऊन बसले. ऊन भिंतीवरून सरकत गेलं. मध्येमध्ये उठून बघायचे. एकच. मला इतकं वाईट त्या हॉस्पिटलमध्येसुद्धा वाटलं नव्हतं. तिथे ती गेली होती. इथे होती, आणि माझ्याजवळ येत नव्हती.

सोमवारी सकाळी आमची ट्रेन होती.

मी बॅगा भरल्या. आई हलेना.

"मी राहते इथे. तू जा."

आधी मला वाटलं हट्ट आहे, निघेल. पण तिने पलंगाची कड धरून ठेवली होती. इतकी घट्ट, की बोटं पांढरी पडली होती. समजावलं, रागावले, हात धरून ओढलंसुद्धा.

"तिथे एकटी गेली ती," आई म्हणाली. "खोलीत कुणी नव्हतं. आता परत एकटी टाकून जाऊ?"

माझा बांध फुटला. मी तिच्यासमोर जमिनीवरच बसले.

"आणि मी? मी एकटी घरी जाऊ, आई?"

आईने माझ्याकडे पाहिलं. त्या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदा नीट पाहिलं. माझे डोळे पुसले. मग उठली, शेजारच्या जागेवरून हात फिरवला आणि चप्पल घातली.

खाली काउंटरवर किल्ली द्यायला गेलो. ती मुलगी पडद्याकडे बघत थांबली.

"मॅडम, तुमच्यापैकी कुणी वर राहिलंय का? खोली रिकामी दिसत नाहीये."

आई मटकन खुर्चीत बसली.

मी म्हटलं, "बघून येते."

जिना चढून वर आले. व्हरांड्यात कुणी नव्हतं. आमचं दार बंद. शेजारी काच...

एक ठिपका.

किल्ली लावली. आत दिवा लागलेला होता. पंखा फिरत होता. पलंग रिकामे, खिडकी बंद. कुणी नाही.

मी आत उभी राहिले. दार उघडंच ठेवलं होतं. पाठ न फिरवता उंबऱ्यापर्यंत मागे सरकले आणि हळूच मान तिरकी करून बाहेरची काच पाहिली...

दोन.

मी आले होते, आणि ती उठून गेली नव्हती.

मग तो आवाज आला. खिडकीजवळच्या पलंगाकडून. श्वास दाबून, नाक ओढत, कुणीतरी रडत होतं. माझ्यासमोर.

मी पुढे जायला पाहिजे होतं. मी नुसती उभी राहून रडले. किती वेळ ते माहीत नाही. दोघी रडलो.

शेवटी म्हटलं, "चल घरी, हिरवळ. आई खाली थांबलीय."

आवाज थांबला.

मी बाहेर येऊन दार धरून उभी राहिले. हातात सामान असलेल्या माणसासाठी धरतो तसं. अंगावरून काहीतरी गेलं का? वारा नाही, स्पर्श नाही. मला काही जाणवलं नाही, खोटं कशाला सांगू. पण काचेवरचा ठिपका माझ्या डोळ्यांदेखत विझला. आतला दिवा गेला. पंखा फिरत फिरत थांबला.

दार लावून घेतलं. जिन्यावरून उतरताना मी कठड्याच्या बाजूने चालले, भिंतीकडची जागा मोकळी ठेवून.

आईने नजरेनेच विचारलं. मी म्हटलं, "निघाली."

ट्रेनमध्ये आईने मधली जागा कुणाला बसू दिली नाही. एक गृहस्थ कुरकुरले, पण आईचा चेहरा बघून पुढे गेले. वाटेत आईने पोटभर खाल्लं. घराचं कुलूप काढल्यावर तिने दार सताड उघडं धरलं आणि बाजूला झाली. मीही झाले.

आम्ही वाट बघितली.

याला आता वर्ष होत आलं. घरात काही नाही. नळ साध्या हाताने उघडतो. मागे राहिलेला दिवा रात्रभर तसाच जळतो. रिकाम्या जागेकडे बघून आई कधी हसत नाही.

मध्ये न राहवून त्या हॉटेलला फोन केला. खोली कशी आहे, विचारलं. तीच मुलगी होती. म्हणाली, "छान आहे मॅडम. त्या दिवसानंतर यंत्र कधी चुकलं नाही."

म्हणजे तिथेही ती नाही.

आई आता बोलते, जेवते. शेजारणींकडे जाते. दाराला कडी मात्र घालू देत नाही. दिवेलागणीला उंबऱ्याशी येऊन बसते आणि रस्त्याकडे बघत मला एकच विचारते.

"निघाली होती ना गं नक्की?"

"हो आई. मी स्वतः पाहिलं."

मी पाहिलंच आहे. ज्या खोलीत ती सुखाने आईशेजारी बसत होती, तिथून ती माझ्या एका शब्दावर उठली आणि निघाली.

घरी अजून पोचलेली नाही.