आठवीच्या मुलींचा खेळाचा तास

दिनांक २३ जुलै २०२४, मंगळवार. दुपारचे चार वाजून बावीस मिनिटे. पिंपळगाव राजाच्या शाळेच्या मैदानावर आठवीच्या एकतीस मुलींपैकी फक्त आठ मुली उभ्या होत्या.

निशिगंधेने शिट्टी ओठांपर्यंत नेली आणि तशीच खाली आणली. क्रीडाशिक्षिका म्हणून ती देऊळगाव राजाहून इथे रुजू झाली त्याला जेमतेम आठवडा झाला होता. सकाळच्या हजेरीला वर्ग भरलेला असे आणि शेवटच्या तासाला, खेळाच्या तासाला, मैदान हे असे ओस!

"बाकीच्या कुठं गेल्या गं?"

"गाडीवर, मॅडम," रांगेतली एक मुलगी म्हणाली. "निळी गाडी साडेचारले सुटते न. आम्ही गावातल्याच, म्हणून राह्यलो."

निशिगंधा धावतच फाटकाबाहेर गेली. खेड्यापाड्यांतल्या मुलींसाठीची निळी एसटी इंजिन सुरू करून उभी होती. दारापाशी खाकी सदऱ्यातला एक उंच तरुण एकेका मुलीला हात देऊन वर चढवत होता. निशिगंधेने थेट पायरीवर पाय ठेवला.

"अहो कंडक्टर! शाळा सुटायला अजून अर्धा तास आहे. रोज तेवीस मुली तुम्ही माझ्या तासातून उचलून नेता, याची काही जाणीव आहे का तुम्हाला?"

त्याने अतिशय गंभीरपणे सगळे ऐकून घेतले.

"तुम्हाला कुठं जायचंय, मॅडम?"

"मला कुठंही जायचं नाही!"

"मग पायरीवरून उतरा. गाडी खोळंबून राह्यली."

खिडकीतून खुदखुद ऐकू आली. दोन वेण्यांची पायल तोंडावर ओढणी धरून म्हणाली, "मॅडम, हे कंडक्टर नाही हो... हे आपले गणिताचे सर हायेत!"

गाडी निघून गेली. धुरळा हळूहळू खाली बसला. निशिगंधेच्या चेहऱ्यावरची लाली मात्र बसायला तयार होईना.

"मी प्रसेनजित," तो म्हणाला. आता त्याच्या डोळ्यांच्या कडेला हसू उतरले होते. "बुलढाण्याला प्रशिक्षणाला होतो, आजच परतलो. शाळेचं वेळापत्रकही मीच करतो. म्हणजे बोलणी योग्य माणसालाच बसली... फक्त हुद्दा चुकला."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक पंजाबराव सरांच्या टेबलाच्या दोन बाजूंना दोघे उभे होते.

"दिवसभर बसून दमलेल्या मुलांना शेवटी मोकळं सोडावं, असा माझा विचार होता," प्रसेनजित म्हणाला.

"मोकळं सोडलंच आहे की. गाडीत!" निशिगंधा म्हणाली. "मला पहिला तास द्या."

"पहिला तास गणिताचा आहे. खेळून आलेली मुलं दुसऱ्या तासाला पेंगतात."

"आणि शेवटच्या तासाला काय ठेवणार?" पंजाबरावांनी विचारले. "तोही विषय गाडीबरोबर जाईल."

प्रसेनजितने हातातल्या वेळापत्रकाच्या कागदावर बोट फिरवले. समोरची बाई आपली विरोधक आहे, हे तो बहुधा विसरला असावा. "वाचनाचा तास ठेवता येईल, सर. पुस्तक गाडीतही उघडतं. मैदान काही गाडीत उघडत नाही."

निशिगंधेने चमकून त्याच्याकडे पाहिले. त्याने घाईघाईने नजर कागदावर वळवली.

पंजाबराव हिशेबी गृहस्थ होते. ते म्हणाले, "गेल्या वर्षी मुलींचा खो-खोचा संघच उतरला नाही. सप्टेंबरात खामगावला तालुका स्पर्धा आहे. मॅडम, पहिला सामना जिंका, तास कायमचा तुमचा. हरलात तर तो तास गणिताच्या जादा सरावाला."

"मला चालेल," प्रसेनजित म्हणाला.

"तुम्हाला चालेलच," निशिगंधा उत्तरली. "धावायचं आम्हाला आहे."

सोमवारपासून पहिल्या तासाला मैदान भरून गेले. ज्या मुलींनी शाळेत कधी खो दिला नव्हता त्या निंबाच्या सावलीतून वाऱ्यासारख्या सुटू लागल्या. पायल तर अशी काही वळणे घेई की पाठलाग करणारीने नुसते हवेलाच हात लावावेत. निशिगंधेचे मन भरून आले. व्हरांड्यातून कोणीतरी आपल्याकडे पाहत आहे, हे तिला पाठमोरी असतानाही कळत होते... आणि आपण ओढणी पुन्हा पुन्हा का सारखी करतो, हे मात्र कळत नव्हते.

पण गुरुवारी धावता धावता पायल मध्येच खाली बसली. ओठ पांढरे पडलेले. निशिगंधा पाणी घेऊन पोहोचण्यापूर्वीच प्रसेनजित तिथे गुडघ्यांवर बसला होता.

"सकायी काय खाल्लं, माय?"

"चहा, सर. घरचं आवरून, बकऱ्या सोडून नऊलेच निघा लागते. गाडी थोडीच थांबते?"

त्याने इतर मुलींकडे पाहिले. एकेक मान खाली गेली. कोणी चहा, कोणी चहासोबत टोस; बहुतेकींच्या पोटात पहिला घास जाई तो थेट दुपारच्या खिचडीचा.

मुलींना सावलीत बसवून निशिगंधा बाजूला आली. "माझं चुकलं. वेळ पाहिली, पण पोरींची पोटं पाहिली नाहीत. तास घ्या तुमचा, सर. तुम्ही जिंकलात."

"भुकेल्या पोरींच्या जिवावर मिळालेला तास मी घेत नाही," तो म्हणाला. "तुमचं उत्तर चुकलेलं नाही, मॅडम. मधली एक पायरी राहिली आहे. चला माझ्यासोबत."

तो तिला शाळेच्या स्वयंपाकघरात घेऊन गेला. आशाबाई खिचडीसाठी कांदे चिरत बसल्या होत्या.

"मावशी, मुली गाडीतून उतरल्या की लगेच वाटीभर मटकीची उसळ मिळेल का?"

"लगेच? माही चूल तुमच्या घंटीवर चालते का, सर? एवढा कांदा कोण चिरन सकायी सकायी?"

"मी चिरतो."

आशाबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिले, मग निशिगंधेकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. "हाव का... मंग तं शिजवाच लागन."

त्याच संध्याकाळी वेळापत्रक पुन्हा आखले गेले. मुलींनी आल्याबरोबर उसळ खायची. पहिल्या तासाला गणित, म्हणजे डोके ताजे आणि खाल्लेले अंगी लागायला अवधी. दुसऱ्या तासाला खेळ. ना त्याचा शेवटचा तास, ना तिचा पहिला. गणितही जागे राहिले आणि मैदानही.

रोज सकाळी प्रसेनजित लाल डोळे पुशीत स्वयंपाकघरातून बाहेर येई.

"रडताय की काय?" निशिगंधा विचारी.

"तुमच्या तासासाठी."

"तासासाठीच ना?"

"...कांदा तिखट आहे, मॅडम." आणि तो वर्गाकडे चालू लागे, मात्र चुकीच्या दिशेने, आठवीचा वर्ग दुसऱ्या बाजूला होता.

दुसऱ्या तासाला तो मोकळा असे. आधी तो व्हरांड्यात उभा राही, मग निंबाखाली, मग मैदानाच्या चुन्याच्या रेषेवर. ऑगस्टच्या एका भुरभुरत्या सकाळी निशिगंधेने त्याच्या हाती वेळ मोजायचे घड्याळ दिले. देताना बोटांना बोटे लागली. दोघांनीही माफी मागितली. दोघांनीही हात मात्र जरा उशिरानेच मागे घेतला.

"पायल काटकोनात वळते," तो पुटपुटला. "थोडं आधी तिरपं वळली तर अंतर वाचेल."

"तुम्ही खेळ पाहता की भूमिती?"

"खरं सांगू?"

"नको," ती चटकन म्हणाली. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. "सामन्यानंतर सांगा."

खामगावच्या मैदानावर सप्टेंबरचे स्वच्छ ऊन पसरले होते. पहिलाच सामना, आणि समोर गेल्या वर्षीचा विजेता संघ. पंजाबराव खुर्ची सोडून उभे होते. शेवटच्या डावात पिंपळगाव राजाच्या मुली एकाच गुणाने पुढे होत्या आणि बचावासाठी मैदानात शेवटची पायल उरली होती. ती बाद झाली की बरोबरी, आणि पुढचे सगळेच अधांतरी. निशिगंधेला वाटले, या एका मुलीच्या पायांवर एकतीस मुलींचा खेळाचा तास उभा आहे.

"खो!" पाठलाग करणारी उसळली. पायल निसटली. "खो!" दुसरी समोर ठाकली. पायल खुंटाकडे धावली, वळली... काटकोनात नव्हे, तिरपी! झेपावलेला हात वेणीच्या टोकाजवळून गेला.

"किती वेळ राहिला? सर, किती राहिला?" निशिगंधेने प्रसेनजितचे मनगट घट्ट धरले.

"माहीत नाही."

"घड्याळ तुमच्या हातात आहे ना!"

"सुरू करायचंच राहिलं," तो अगदी प्रांजळपणे म्हणाला. "मी तुमच्याकडे पाहत होतो."

त्याच क्षणी पंचांची लांब शिट्टी झाली. मैदान उसळले. मुलींनी पायलला खांद्यावर घेतले आणि ती वरून ओरडली, "मॅडम! तास आपला!" पंजाबरावांनी टोपी काढून हवेत फिरवली. "मॅडम, उद्याच पक्कं वेळापत्रक लावतो!"

त्या कल्लोळात एकच गोष्ट स्थिर होती. निशिगंधेने त्याचे मनगट अजून सोडले नव्हते.

"सामना झाला," तो म्हणाला. "आता सांगू?"

"सांगा."

"मी खेळ पाहत नव्हतो. भूमितीही नाही. पहिल्या दिवशी तुम्ही एसटीच्या पायरीवर चढून मला रागावलात ना... तेव्हापासून फक्त तुम्हालाच पाहतोय." त्याचा स्वर हळू झाला. "सगळ्या शाळेला तास वाटून देतो मी. माझ्या दिवसातला एक तुमच्यासाठी ठेवायचा आहे, निशिगंधा. कोणता हवा?"

त्याने पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारली होती. तिने मान वर केली. डोळ्यांत पाणी होते, आणि इथे तर कांदाही नव्हता.

"एका तासात भागेल, असं वाटतं तुम्हाला?"

"मग?"

"सगळे," ती म्हणाली. "सकाळच्या पहिल्यापासून... आयुष्यभराचे."

गुणफलकावर पंचांनी खडूने निकाल लिहिला : पिंपळगाव राजा १४, प्रतिस्पर्धी संघ १३.