पायांवरची आंघोळ

ज्या वर्षी माझ्या नातवाचं, साहिलचं, लग्न झालं, त्याच वर्षी श्रावणात किशोरी तिच्या मुलाला घेऊन विसाव्यात आली. करंज्याहून तरीने रेवसला उतरून पुढे रिक्षाने. सहा वर्षांचा कान्हा तिच्या मांडीवर आडवा होता. त्याची मोठी बहीण केसर ऑक्सिजनचं मशीन कवटाळून बसली होती. नवरा विनेश पिशव्या घेऊन मागून चालत आला, कारण रिक्षात जागा उरली नव्हती.

विसावा आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, सुरूच्या झाडांआड आहे. ज्या लेकरांचं दुखणं बरं होणार नाही, त्यांचं ते घर. तिथे वेदना कमी करतात, श्वास सोपा करतात. बाप जेवला का ते विचारतात. भावंडांना खाडीवर खेकडे दाखवायला नेतात. आणि आयांना झोपवतात. मूल गेलं तर मागच्या थंड खोलीत त्याला ठेवतात, आईचं मन होईतोवर तिला कुणी 'आता आवरा' म्हणत नाही.

माझं काम तेल लावायचं. जन्मभर मी मासळी विकली आणि गावातली बाळं न्हाऊ घातली. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायचं आणि कोमट पाणी सोडायचं. पुढे माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि खाली बसणं कायमचं संपलं. विसाव्यात मी खाटेशी उभी राहून तेल लावते.

दाराशी पाटी आहे : 'येथे आग पेटवू नये.' अक्षरं मी साठीनंतर शिकले. कुणाला न विचारता वाचलेलं हे माझं पहिलं वाक्य. ऑक्सिजनमुळे तिथे उदबत्तीसुद्धा लावत नाहीत.

कान्हा मान धरत नव्हता. बोलणं म्हणजे नुसता श्वास, तो फक्त केसरला कळायचा.

"काय म्हणतोय गो?" मी पायाला तेल चोळताना विचारलं.

"म्हणतोय, आजीच्या हाताला बोंबलाचा वास येतो."

"त्याला सांग, तुझ्या बापाच्या मिशीला पण येतो."

कान्हा डोळ्यांनी हसला. विनेशने मिशीवरून हात फिरवला. किशोरी तेवढी हसली नाही. ती बसल्या बसल्या डुलायची आणि दचकून जागी व्हायची. प्रणाली सिस्टर रोज सांगायची, "ताई, आम्ही आहोत ना. तुम्ही शेजारच्या खोलीत पडा." ती मान हलवायची, पण उठायची नाही.

एका दुपारी तिने मला कारण सांगितलं. कान्हाच्या पाचवीला घरच्या बायका नशीब लिहायला येणाऱ्या सटवाईसाठी जागत होत्या. मधेच दिवा शांत झाला. पाहतात तर सगळ्यांचाच डोळा लागलेला, बाळंतिणीचाही. सासू पुढे कधी बोलली नाही, पण नवीन रिपोर्ट आला की किशोरीकडे बघायची.

"लिहिणारी आली तेव्हा मी झोपले व्हते, आजी," ती म्हणाली. "आता न्यायला येल तेव्हा मी जागी पायजे. मला एवढंच पायजे."

मी तिला खूप समजावलं. ज्या घरात सगळ्या जाग्या राहिल्या तिथलीही मुलं मी इथे पाहिली होती, तेही सांगितलं. ती ऐकत होती आणि कान्हाच्या छातीकडे पाहत होती.

गणपतीनंतर पेणच्या एका व्यापाऱ्याची मुलगी, हेतल, आमच्याकडे होती. एका दुपारी तिच्या खोलीतून वास आला. निखाऱ्यावर ओवा, वावडिंग आणि लसणीची सालं टाकली की जो येतो तो. धुरीचा. बाळंतिणीच्या खोलीचा.

प्रणाली धावत आली. "आजी, शेगडी कुणी पेटवली?"

"कुणी न्हाय."

आम्ही खाटेखाली पाहिलं, स्वयंपाकघर पाहिलं, मागचं अंगण पाहिलं. कुठे राख नव्हती. मोरी कोरडी होती. हेतलचे केस मात्र ओले होते, कुणीतरी नीट मागे सारलेले. गालावर काजळाची तीट होती.

"न्हाऊ कुणी घातलं गं?" प्रणालीने विचारलं.

"आजीने," हेतलने माझ्याकडे बोट केलं. "पायांवर घेऊन."

मी माझ्या गुडघ्यांवरचे व्रण पाहिले. दुसऱ्या दिवशी हेतल गेली, झोपेत, कण्हणंसुद्धा नाही.

दसऱ्याला तळा गावच्या गणराजच्या खोलीतून तोच वास आला. तोही दुसऱ्या दिवशी गेला. प्रणाली आणि मी त्यावर एकमेकींशी कधी बोललो नाही. पण त्यानंतर तेल लावायला खोलीत शिरताना मी आधी दारात उभी राहून श्वास घ्यायचे.

दिवाळी झाली. किशोरीच्या हातून औषधाची बाटली पडली. केसरची वेणी घालता घालता ती अर्ध्यात थांबली, पुढचा पेड कुठला तेच तिला सुचेना. केसर मागे वळून म्हणाली, "आई, तू झोप. मी बगते त्याच्याकडं." तेव्हा किशोरी ऐकली.

"आजी, उठवाल ना?"

"उठवीन गो. शप्पत."

ती खाटेशेजारच्या गादीवर पडली आणि दगडासारखी झोपली. केसर बापाबरोबर खाडीवर गेली. मी खुर्चीत बसले. बाहेर सुरूची झाडं वाजत होती. कान्हा छताकडे पाहत होता.

ओवा आधी आला. मग लसूण.

मी हलले नाही. खोलीत आम्ही तिघंच होतो. दार उघडं होतं आणि पडवी रिकामी होती. कान्हाने डोळे मिटले. त्याच्या आखडलेल्या मुठी एकेक बोट करून उघडल्या. महिनोन्महिने तेल लावून माझ्या हातांना ते जमलं नव्हतं. मग त्याच्या कपाळावरून पाण्याचा एक थेंब कानामागे घरंगळला.

किशोरीला उठवावं की झोपू द्यावं? असं झोपलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

मी तिला उठवलं.

ती उठून बसली. तिने हवा हुंगली. घाबरेल असं मला वाटलं होतं.

"हा तर माझ्या बाळंतपणाचा वास," ती म्हणाली. तिने कान्हाच्या ओल्या केसांवर हात ठेवला आणि मला काहीच विचारलं नाही. हेतलचं, गणराजचं, मीच सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिने विनेशला आणि केसरला हाक मारून आणायला सांगितलं. त्या रात्री ती चौघं एका गादीवर झोपली. किशोरीसुद्धा थोडी झोपली.

सकाळी मला अलिबागला जायचं होतं. पेन्शनसाठी बँकेत हजेरी लावायची होती, आणि ते आणखी लांबवता येत नव्हतं. तरी मी जात नाही म्हटलं. किशोरीच म्हणाली, "जा तुम्ही. आता मी जागी हाय."

परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. कान्हा थंड खोलीत होता. अंगावर केसरने निवडलेला पिवळा सदरा, गालावर तीट. किशोरी त्याचा हात धरून बसली होती. चेहरा रडून सुजलेला, पण शांत. विनेश भिंतीला टेकून केसरच्या डोक्यावर हात फिरवत होता.

मला पाहून किशोरी जागा करून सरकली.

"गुडघे दुखत असतील ना, आजी? किती वेळ खाली बसलात."

मी दाराला धरलं.

"मला म्हनलात, डोळे मीट, मी हाय. पन मी मिटले न्हाय. शेवटपर्यंत टॉवेल धरून बसले. बघितलं ना तुम्ही?"

"बघितलं गो," मी म्हणाले.

"न्हाऊ घालताना त्याच्या कानात काय सांगितलंत? तो हसला."

विनेशही माझ्याकडे पाहू लागला. त्यालाही ते ऐकायचं होतं.

"आता आठवत न्हाय," मी म्हणाले आणि तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसले. तिने माझा हात हातात घेतला. तिचा हात कोमट आणि ओला होता.

कान्हा विनेश नाखवा देवदिवाळीच्या आदल्या मंगळवारी भरदुपारी, ओहोटी लागताना गेला. त्या वेळी मी अलिबागला बँकेच्या रांगेत उभी होते, मी जिवंत आहे हे सांगायला.