दाराबाहेरचा तिसरा जोड

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण रिठदच्या प्रयागबाई असल्या बाबतीत खोटं बोलणाऱ्या नाहीत. मागच्या श्रावणातली गोष्ट. वाशिमचा एक दवाखाना. भरदुपार.

सून राखीचं बीपी आठव्या महिन्यातच चढलं, म्हणून बाळ लवकर काढावं लागलं. मूठभर नातू काचेच्या पेटीत. डॉक्टर म्हणाले, "आईला असं बीपी झालं की कधी कधी बाळाच्या पांढऱ्या पेशी कमी पडतात. वाढतील काही दिवसांत. पण तोवर जंतू लागला, तर कठीण आहे. आत फक्त आई आणि सिस्टर."

प्रयागबाई दारातच डोळ्यांत तेल घालून बसल्या.

बाहेर चपलांचे दोन जोड. राखीचा अन् सिस्टरचा.

पाणी प्यायला त्यांनी मान वळवली. परत पाहिलं तर...

तीन जोड.

आत नळ सुरू झाला. कोणीतरी सावकाश हात धूत होतं...

"सिस्टर, अंदर कोण शिरलं?"

"कोणीच नाही ना, आजी."

"मंग नळ कायले चालू हाये?"

सिस्टरनं पाहिलं. नळ बंद होता.

बेसिन ओलं होतं.

पहिला संशय विहीणबाईंवर. बाई भारी चोंबडी! पण ती समोर बाकड्यावर केळं सोलत बसलेली. पायात स्वतःच्या चपला.

मग प्रयागबाईंनी तो जोड नीट पाहिला.

पुरुषी चपला. सुजलेला पाय मावावा म्हणून पट्टा कापून सुतळीनं बांधलेला...

तो पट्टा त्यांनीच विळ्यानं कापला होता. नऊ वर्षांपूर्वी त्यांची लेक पौर्णिमा बाळंतपणाला माहेरी आली होती. सुजलेल्या पायांना स्वतःच्या चपला होईनात, म्हणून ती घरातल्या या पुरुषी चपला घालायची. "पहिलटकरणीचे पाय सुजतातच," म्हणत त्यांनी तिला दवाखान्यात नेलंच नाही. तिला झटके आले. जीपमध्येच गेली, पोटातल्या बाळासकट. या चपला प्रयागबाईंनी स्वतः पैनगंगेत सोडल्या होत्या.

लेक भाच्याला जपायला आली, की न्यायला?

चार दिवस हेच. रोज दुपारी तिसरा जोड. रोज नळ. अन् रोज पेशी थोड्या वाढलेल्या.

"वाढतातच," डॉक्टर म्हणाले. प्रयागबाईंना पटलं नाही.

बाळ घरी आलं. राखी उंबऱ्यापाशी थबकली.

"आई, ह्या सुतळीच्या चपला कोणाच्या वो?"

चपलांची तोंडं घराकडे होती...



"माह्याच हायेत. राहू दे," प्रयागबाई म्हणाल्या.

त्या चपला अजून तिथंच आहेत. रोज सकाळी उठल्या उठल्या प्रयागबाई चपलांची तोंडं पाहतात. ती बाहेरच्या बाजूला फिरलेली दिसली, तर आधी पाळण्याकडे धावायचं, हे त्यांनी घरात कोणालाच सांगितलेलं नाही.